पाण्याचा दिवस आणि फिल्टरमधले जीव

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. टाकी तीन फुटी, पाणी साधारण १२० लिटर. मोली, गप्पी आणि चार गोल्डफिश मिळून चौदा मासे. जुळे सोलापुरात तुमच्या भागात नळाला पाणी आलं त्या सकाळी तुम्ही फिल्टर उघडलात. स्पंज आणि सिरॅमिक रिंगा वाहत्या नळाखाली ब्रशनं घासल्या, दिवसभर गच्चीवर ऊन दाखवलं आणि संध्याकाळी परत बसवल्या. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. पाचव्या दिवसापर्यंत सहा मासे गेले. एवढी स्वच्छता करूनही असं का झालं, दुकानदार सांगतो तसा फिल्टर दर महिन्याला धुवायचा का, आणि तो देतो ती बॅक्टेरियाची बाटली टाकायची का, असं तुम्ही विचारलंय. टाकी मुलाची आहे आणि तो दोन दिवस नीट जेवलेला नाही, हेही लिहिलंय.

आठ मासे अजून जिवंत आहेत, म्हणून आधी आजचं काम सांगतो.

आजपासून तीन दिवस खायला काहीही घालू नका. मोठा, धडधाकट मासा तेवढ्यानं मरत नाही. हौदातलं किंवा पिंपातलं, निदान एक दिवस साठून राहिलेलं पाणी घ्या आणि टाकीतलं ४० लिटर बदला. उद्या पुन्हा ४०, परवा पुन्हा ४०. बादलीतलं आणि टाकीतलं पाणी हाताला सारखंच गार-गरम लागलं पाहिजे. एअर पंप असेल तर त्याचा दगड टाकीत सोडून रात्रंदिवस चालू ठेवा. खडे मीठ, आयोडीन नसलेलं, १२० ग्रॅम मोजून मग्गाभर पाण्यात विरघळवा आणि दोन-तीन तासांत थोडंथोडं करून ओता. पुढे जितकं पाणी बदलाल तितकंच मीठ नव्यानं घालायचं, लिटरमागे एक ग्रॅम. मेलेला मासा, कुजकं पान, उरलेलं खाणं काढून टाका. फिल्टर चालू राहू द्या, पण आता अजिबात उघडू नका. दुधाळपणा घालवणारं कुठलंही औषध टाकू नका. तो दुधाळपणा आपोआप जातो आणि मासे सहसा त्यानं मरत नाहीत. मासे मरतात ते न दिसणाऱ्या अमोनियानं.

आता कारण. तुम्ही धुतलंत आणि वाळवलंत, त्यानंच हे झालं. हे लिहिताना मला जड जातंय, कारण तुम्ही काळजीपोटीच केलंत आणि आपल्याकडे कुठलीही वस्तू चांगली ठेवायची म्हणजे ती धुवायची आणि तिला ऊन दाखवायचं, हेच आपण लहानपणापासून बघत आलोय. गाद्या, धान्य, लोणच्याची बरणी, सगळ्यांना ते लागू पडतं. फिल्टरच्या स्पंजला मात्र सोलापूरचं ऊन म्हणजे मरण. त्या स्पंजवर जो तपकिरी, बुळबुळीत थर होता, तोच तुमच्या टाकीचा खरा फिल्टर होता.

मी हे टाकीकडे बघून शिकलो नाही, नोकरीत शिकलो. बावीस वर्षं एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात सांडपाण्याच्या प्लँटवर होतो. तिथं एरेशन टँक असते. चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी आणि खालून ब्लोअरची हवा, चोवीस तास. बघायला येणारा नाकाला रुमाल लावायचा. आम्ही मात्र त्या गाळाला जपायचो. रंगाच्या सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद पुरेसं नसतं, म्हणून सांडपाणी साफ करणाऱ्या आतल्या जिवाणूंना युरिया आणि डीएपी मोजून घालायचो. नवी टाकी सुरू करताना शेण कालवून टाकायचो, किंवा दुसऱ्या चालू प्लँटवरून टँकरभर गाळ आणायचो. एकदा ब्लोअरचा पट्टा तुटला आणि सुटे भाग यायला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात बिघडलेला गाळ परत जागेवर यायला आम्हाला जवळपास तीन आठवडे लागले. घरी तेव्हा माझी दोन फुटी टाकी होती. त्या दिवसानंतर मी तिचा फिल्टर नळाखाली धरला नाही.

आत नेमकं काय चालतं ते सांगतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मासा खातो, त्यातल्या प्रथिनांमधलं नत्र तो मुख्यतः कल्ल्यांमधून अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट बरंच सौम्य, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं किंवा झाडं शोषून घेतात.

आता तुमच्या टाकीचा हिशोब करू. समजा दिवसाला दोन ग्रॅम खाणं जातंय आणि त्यात ४० टक्के प्रथिनं आहेत. प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नत्र असतं. म्हणजे १२८ मिलिग्रॅम नत्र रोज आत गेलं. त्यातलं दोन तृतीयांश बाहेर पडलं असं धरा, साधारण ८५ मिलिग्रॅम. १२० लिटरमध्ये वाटलं तर लिटरमागे रोज ०.७ मिलिग्रॅम. जिवाणू जागेवर असते तर हा आकडा शून्यावर राहिला असता. ते नसल्यावर तिसऱ्या दिवशी दोनच्या वर गेला. तुमचे मासे तिसऱ्या दिवशीच वर का आले, ते या हिशोबात आहे.

आपल्या पाण्यामुळे यात आणखी एक अडचण होते. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक जवळजवळ निरुपद्रवी, दुसरं जहाल. पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, ७ आणि पाणी ३० अंश असेल तर जहाल भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ झाला की तोच सात टक्क्यांच्या वर जातो. आपलं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, बसाल्टच्या खडकातलं. माझ्या टाकीचा पीएच वर्षभर ८ च्या आसपास असतो, तुमचाही बहुधा तसाच असणार. मऊ पाण्याच्या गावात जी चूक खपून जाते, ती इथं खपत नाही.

मीठ कशाला सांगितलं तेही आताच सांगतो. अमोनियानंतर काही दिवसांत नायट्राइट वाढेल. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच वाटेनं आत जातं, त्यामुळे नायट्राइटला जागा मिळत नाही. हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे.

आता पाण्याच्या दिवसाकडे येतो, कारण सोलापुरात या चुकीचं मूळ मला तिथंच दिसतं. आपलं पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून, टाकळीला भीमेतून आणि जवळच्या हिप्परग्याच्या तलावातून येतं, आणि घराच्या नळाला ते चार-पाच दिवसांनी दिसतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात धांदल असते. हौद भरायचा, पिंपं भरायची, चादरी धुवायच्या, आणि पाणी आहेच तर फिल्टरही धुवून टाकायचा. पण नळातून नुकतंच आलेलं पाणी हेच सगळ्यात जास्त क्लोरीनचं असतं. क्लोरीन आपल्या आरोग्यासाठी घालतात, जंतू मारायला घालतात, आणि आपले फिल्टरमधले जिवाणू त्याच्या दृष्टीनं जंतूच. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की मात्रा वाढते आणि नळ सोडल्या सोडल्या वास येतो. त्या दिवशी तर स्पंज नळाच्या जवळही नेऊ नका.

यात आपल्या बाजूनंही एक गोष्ट आहे. चार दिवस हौदात राहिलेल्या पाण्यातून क्लोरीन बरंचसं उडून गेलेलं असतं. पुण्या-मुंबईचे लोक नळाची नळी थेट टाकीत सोडतात आणि मग क्लोरीन मारणारी औषधं विकत आणतात. आपल्याला हौद आणि पिंपं आधीपासूनच आहेत. एक पन्नास लिटरचं पिंप टाकीसाठी वेगळं ठेवा, झाकण अर्धं उघडं, जमलं तर आत एअर पंपाचा दगड. आज भरलेलं पिंप परवा वापरायचं. पाणीबदल पाण्याच्या दिवशी करायचा नाही, त्याच्या आदल्या दिवशी करायचा, जुनं साठवलेलं पाणी वापरून. पिंप लगेच भरायला दुसऱ्या दिवशी पाणी येतंच.

कधी ताजंच पाणी घालायची वेळ आली तर हायपो वापरा. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला असायचं ते. माशांच्या दुकानात पुडीत मिळतं. एक भाग क्लोरीनला सात भाग हायपो धरला की पुरतं. म्हणजे पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १०० लिटरला पाऊण ग्रॅमच्या आत काम होतं. मूठभर टाकायची गरज नाही. ते दिसायला खडीसाखरेसारखं असतं, म्हणून डबीवर ठळक नाव लिहा आणि मुलाच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

पाण्याच्या टंचाईत लोक टाकीत काय काय ओततात ते मी बघितलंय, म्हणून यावर जरा थांबतो. बोअरचं पाणी चालतं, त्यात क्लोरीन नसतं, फक्त फार जड असतं. मोली आणि गप्पींना जड पाणी मानवतं, गोल्डफिशही काढून नेतात. टँकरचं पाणी आलं तर त्यात ब्लीचिंग किती पडलंय हे कुणी सांगत नाही, म्हणून ते दोन दिवस ठेवूनच वापरायचं. घरातल्या आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी टाकीत घालू नका. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूनं बरेच जण घालतात, पण त्यात आधीचेच क्षार आणखी दाट होऊन आलेले असतात.

आणि जारचं पाणी. वीस लिटरच्या जारमधलं पाणी पिण्याइतकं स्वच्छ, मग माशांना उत्तमच असणार, असं वाटतं. मागे एका ओळखीच्यांनी पूर्ण टाकी वर्षभर फक्त जारच्या पाण्यावर चालवली. पहिले काही महिने सगळं छान होतं. मग मासे सुस्त झाले, खाईनात. मी पीएच बघितला तर सहाच्या खाली. झालं असं होतं, की अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल मारायला पाण्यात बायकार्बोनेटचे क्षार लागतात. एक ग्रॅम नत्राला सात ग्रॅमहून जास्त क्षारता खर्ची पडते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबानं. आपल्या बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यात ही पुंजी भरपूर असते. जारचं पाणी आरओमधून आलेलं असतं, त्यात ती जवळजवळ नसतेच. पुंजी संपली की पीएच खाली घसरतो, साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि सहाच्या खाली जवळपास काम सोडतात. अमोनिया साठत जातो, पण कमी पीएचमुळे त्याचं विष दबलेलं राहतं. त्या गृहस्थांनी घाबरून एकदम अर्धी टाकी नळाच्या जड पाण्यानं भरली, पीएच झटकन वर गेला आणि दबलेला सगळा अमोनिया एका तासात जहाल झाला. रात्रीतून टाकी रिकामी झाली. अशा वेळी रोज दहा टक्के, एवढ्याच संथपणे पाणी बदलायचं असतं. हे मी त्यांना चार तास आधी सांगू शकलो असतो तर, असं अजून वाटतं.

आरओच्या पाण्याचा एकच चांगला उपयोग आहे. उन्हाळ्यात टाकीचं पाणी उडून पातळी खाली जाते तेव्हा फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. ती खाली गेलेली पातळी भरायला आरओचं गोड पाणी वापरलं तर टाकी दिवसेंदिवस जड होत जात नाही. आठवड्याच्या पाणीबदलाला मात्र नेहमीचंच पाणी.

उन्हाळा आणि वीज, हे आपल्याकडचे दुसरे दोन शत्रू. या जिवाणूंना प्राणवायू माशांइतकाच लागतो. एक ग्रॅम नत्र नायट्रेटपर्यंत न्यायला साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू खर्च होतो. पाणी २५ अंशांना असेल तर लिटरमध्ये जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सातच्या आत. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असतात तेव्हा माझ्या हॉलमधल्या टाकीचं पाणी ३२-३३ पर्यंत चढतं. म्हणजे मासे, जिवाणू आणि कुजणारा कचरा हे तिघंही जास्त मागतात, आणि पाण्याजवळ द्यायला कमी असतं. उपाय आपल्या माठातच आहे. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी उडालं की चांगला गारवा येतो. टाकीचं झाकण काढून वर जाळी ठेवा, म्हणजे मासे उडी मारणार नाहीत, आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. बर्फ टाकू नका. फिल्टरचं तोंड असं फिरवा की पृष्ठभाग सतत हलता राहील. उन्हाळ्यात खाणंही एका वेळेवर आणा.

वीज गेली की काय होतं, ते फिल्टर कुठला आहे त्यावर ठरतं. हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर उघड्या पाण्यातच असतो, त्याला थोडाफार प्राणवायू मिळत राहतो. बंद डब्याच्या कॅनिस्टरमध्ये पाणी थांबलं की आतला प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू गुदमरतात, मग तिथं कुजवणारे दुसरे जिवाणू माजतात. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्याच्या वादळात आमच्याकडे संध्याकाळी गेलेली वीज पहाटे आली. मी झोपेत होतो, कॅनिस्टर आपोआप सुरू झाला आणि आत साचलेलं सगळं कुजकं पाणी टाकीत गेलं. सकाळी कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. माझी सात वर्षं सांभाळलेली एंजलफिशची जोडी त्यात गेली. तेव्हापासून नियम असा, की चार-पाच तासांपेक्षा जास्त वीज गेली तर कॅनिस्टरचं बटण बंद करायचं, वीज आल्यावर डब्यातलं पाणी मोरीत ओतायचं, मीडिया, म्हणजे आतला स्पंज आणि रिंगा, टाकीच्या पाण्यात एकदा बुचकळायचा आणि मगच सुरू करायचा. तुमचा फिल्टर टाकीच्या आतला आहे, म्हणून एवढी भीती नाही. तरी लांब भारनियमनात स्पंज बाहेर काढून टाकीच्या पाण्यात मोकळा ठेवा.

याहून सोपं म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवर एक एअर पंप जोडून ठेवा. तो पाच वॉटच्या आत वीज खातो, एका दिव्याइतकी सुद्धा नाही. त्याला एक स्पंज फिल्टर लावा. मोठा फिल्टर बंद असतानाही टाकीतले निम्मे जिवाणू श्वास घेत राहतील. सोलापुरातल्या कुठल्याही टाकीत मी दोन फिल्टर लावायला सांगतो, आणि त्यातला एक हवेवरचा, तो यासाठीच.

आता फिल्टर धुण्याचं. महिन्याला धुवा हे चूक, कधीच धुऊ नका हेही चूक. फिल्टरच्या तोंडातून येणारी धार निम्म्यावर आली की साफ करायचा, मग ते तीन आठवड्यांनी असो की दोन महिन्यांनी. गोल्डफिश घाण जास्त करतात, त्यामुळे तुमचा लवकर भरेल. ज्या दिवशी पाणी बदलता त्या दिवशी टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्या आणि त्यातच स्पंज दोन-तीन वेळा दाबून सोडा. पाणी काळं होईल, तो गाळ गेला की पुरे. स्पंज पांढरा होईपर्यंत पिळायचा नाही. तपकिरी राहिला पाहिजे. रिंगा फक्त बुचकळा, ब्रश लावू नका. ब्रश लावायचा तो मोटरच्या पंख्याला आणि नळीला, तिथं खुशाल घासा. पांढरा कापसासारखा फ्लॉस असेल तर तो टाकून नवा घाला, तो तेवढ्यासाठीच असतो. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी हाताळू नका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. त्याच दिवशी तळाची खडी उपसू नका, कारण खडीवरही हे जिवाणू असतात. स्पंज तुकडे पडेपर्यंत चालतो, माझ्याकडे नऊ वर्षांचा एक आहे. बादलीतलं काळं पाणी तुळशीला, गुलाबाला, कढीपत्त्याला घाला. आज मीठ घातलंय, म्हणून या महिन्यातलं पाणी मात्र झाडांना नको.

माशांवर औषध करायचं झालं तर वेगळ्या डब्यात करा. मिथिलीन ब्लू आणि काही प्रतिजैविकं या जिवाणूंना मारतात. दुकानात कुठल्याही आजाराला निळं औषध देतात, ते मुख्य टाकीत ओतलं की पुन्हा आजचीच वेळ येते.

बाटलीचं विचारलंत. बाटल्यांमध्ये दोन प्रकार असतात. एकात बॅसिलस जातीचे जिवाणू असतात, ते बीजाणू करून वर्षभर टिकतात, कचरा पचवतात, पण अमोनियाचं नायट्रेट करायचं काम त्यांचं नाही. दुसऱ्यात खरे नायट्रीकरण करणारे जिवंत जिवाणू असतात. हे बीजाणू करत नाहीत, त्यामुळे उष्णतेनं मरतात. एप्रिलमध्ये ट्रान्सपोर्टच्या गाडीतून आलेली आणि दुकानाच्या काचेच्या कपाटात ठेवलेली बाटली म्हणजे बिनफ्रिजची दुधाची पिशवी. फ्रिजमध्ये ठेवलेली, ताज्या तारखेची मिळाली तर वापरा, नाहीतर पैसे ठेवा. लेबलवर नायट्रोबॅक्टर लिहिलेलं असेल तर त्यावरही फार भरवसा ठेवू नका. नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर असं वर्षानुवर्षं पुस्तकांत होतं. १९९८ साली टिमोथी होव्हानेक या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत बघितलं तर ते काम नायट्रोस्पायरा नावाचा दुसराच जिवाणू करताना आढळला. २०१५ मध्ये तर असे नायट्रोस्पायरा सापडले की ते एकटेच अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळं करतात, आणि त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाले. इतकी वर्षं आपण ज्याला नुसता चिकट मळ म्हणत होतो, त्यात हे निघालं, याचं मला अजून नवल वाटतं.

बाटलीपेक्षा चांगलं म्हणजे विरजण. ज्यांची टाकी सहा महिने नीट चाललीय आणि माशांना आजार नाही, अशा कुणाकडून वापरातला तपकिरी स्पंज मागून आणा. तोच तुमच्या फिल्टरच्या आत किंवा शेजारी लावा. नवा स्पंज त्याला चिकटून राहू द्या. जुन्या टाकीचं नुसतं पाणी आणून उपयोग नाही, हे जीव पाण्यात फारसे पोहत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून असतात. हे वाढतातही हळू. दह्यातले जिवाणू रात्रीतून दुधाचं दही करतात, यांना एकाचे दोन व्हायला अनुकूल हवेतही अर्धा ते एक दिवस, कधी जास्त लागतो. म्हणून विरजणाशिवाय पूर्ण घडी बसायला चार ते सहा आठवडे, विरजण असेल तर आठवडा-दोन आठवडे. तोवर एका मनीप्लांटची मुळं धुऊन, पानं वर ठेवून टाकीच्या कडेला सोडा. ती मुळं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ओढतात.

आणि थेंबांची टेस्ट किट घ्या, अमोनिया, नायट्राइट आणि पीएच एवढी तीन पुरे. तिची किंमत गेलेल्या सहा माशांपेक्षा जास्त वाटेल, पण ती वर्षभर चालते. पहिले दोन आठवडे रोज मोजा आणि वहीत लिहा. हे काम मुलाला द्या. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल, त्याच्या मागोमाग नायट्राइट चढेल आणि तो उतरायला जास्त दिवस घेईल. अमोनिया किंवा नायट्राइटचा आकडा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर दिसला की त्या दिवशी चौथाई पाणी बदला. तीन दिवसांनी खाणं सुरू कराल तेव्हा एकदाच, एका मिनिटात संपेल एवढंच. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य दिसेपर्यंत नवा मासा आणू नका. मुलगा हट्ट धरेल, त्याला वही दाखवा.

पुढे कधी दुसरी टाकी करायची झाली तर ती माशांशिवाय तयार करता येते. नवसागर आठवतो का, कल्हईवाला भांड्यावर टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा तो? रसायनात त्याला अमोनियम क्लोराइड म्हणतात. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडून शुद्ध घ्या, कल्हईचा नको. १०० लिटरला ०.६ ग्रॅम घातला की अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या जवळ येतो. जिवाणूंना तेवढं खाद्य पुरतं. ते एका दिवसात ते संपवायला लागले आणि नायट्राइटही शिल्लक राहीना झालं की मासे आणायचे, त्याआधी एकदा अर्धं पाणी बदलून.

तुमच्या भागात कुणाकडे जुनी टाकी आहे का ते आजच विचारा. स्पंज आणायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा किंवा अंधार पडल्यावर. प्लास्टिकच्या पिशवीत त्याच टाकीचं पाणी, स्पंज जेमतेम भिजेल इतकंच घ्या, वर निम्मी पिशवी हवेनं भरलेली ठेवा आणि गाडीच्या डिकीत घालू नका, दुपारी तिची भट्टी होते. हातात धरून आणा आणि घरी आल्यावर दहा मिनिटांच्या आत टाकीत सोडा.